गाडी सुरू होत नाही, तेव्हा...

सकाळी दुकान उघडण्याची वेळ झालेली असते. वखारीतून माल आणावयाचा असतो, बँकेत भरणा करावयाचा असतो, गिऱ्हाइकाला दिलेला शब्द पाळावयाचा असतो. आणि नेमक्या त्याच दिवशी अंगणातील मोटारसायकल रुसून बसते. अशा वेळी घरोघरी जे घडते ते बहुधा सारखेच असते. सेल्फचे बटण दाबले जाते, पुन्हा दाबले जाते, मग किकवर किक मारली जाते. थोरला मुलगा येतो, शेजारी येतात. एक जण चोक ओढतो, दुसरा बंद करतो. पाव तासाने बॅटरी उतरलेली असते, प्लग पेट्रोलने चिंब झालेला असतो आणि सर्वांचा धीर संपलेला असतो. सुरुवातीस दोष एकच होता. आता ते तीन झालेले असतात. मग गाडी ढकलत मेकॅनिककडे जाते आणि संध्याकाळी तीन-चार नव्या सुट्या भागांचे बिल हाती येते. त्यांपैकी नेमक्या कोणत्या भागाने गाडी सुरू झाली, हे ना मालकास ठाऊक असते, ना पुष्कळदा मेकॅनिकला.

मोटारसायकल सुरू न होण्याची कारणे अनेक असली तरी अगणित नाहीत. ती ठराविक क्रमाने तपासता येतात, आणि बऱ्याच वेळा दोष फुकट किंवा अत्यल्प खर्चात दूर होणारा असतो. त्यासाठी यंत्रशास्त्राची पदवी लागत नाही. व्यापारी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली एक शिस्त मात्र लागते, आणि ती म्हणजे फरक शोधण्याची शिस्त.

तेरीज जुळत नाही तेव्हा

तेरीजपत्रकाच्या दोन बाजू जुळल्या नाहीत तर जाणता मुनीम सगळी खतावणी पहिल्या पानापासून पुन्हा लिहावयास बसत नाही. तो प्रथम फरकाची रक्कम पाहतो. रकमेला नऊने पूर्ण भाग जात असेल, तर अंकांची अदलाबदल झाली असण्याचा संभव मोठा. ५४० च्या जागी ४५० लिहिले गेले की फरक ९० चा येतो. फरकाच्या निम्म्या रकमेची एखादी नोंद सापडली, तर ती जमेऐवजी नावे पडली असावी. २५० रुपये चुकीच्या बाजूस गेले की ५०० चा फरक पडतो. चूक कोठे शोधावी, हे फरक स्वतःच सांगत असतो.

बंद पडलेल्या गाडीचेही असेच आहे. ती कशी बंद पडली, बटण दाबल्यावर कोणता आवाज आला, प्लग ओला निघाला की कोरडा, ही तिची फरकाची रक्कम होय. ती वाचल्यावाचून पान्याला हात घालू नये.

इंजिनाच्या चार गरजा

पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनाला चार गोष्टी लागतात : योग्य प्रमाणात पेट्रोल, पुरेशी हवा, त्या मिश्रणावर पडणारा दाब आणि अचूक क्षणी मिळणारी ठिणगी. या चारही गोष्टी असतील आणि बॅटरीने किंवा किकने इंजिन पुरेशा वेगाने फिरत असेल, तर ते सुरू होतेच. सुरू होत नसेल, तर यांपैकी काहीतरी निश्चितपणे कमी पडत आहे. सारा शोध एवढ्याच चौकटीत करावयाचा आहे, हे ध्यानात आले की निम्मी घबराट ओसरते.

त्याही आधी काही साध्या बाबी पाहाव्यात. हँडलवरील इंजिन बंद करण्याचा लाल स्विच कोणाच्या हातून चुकून दाबला गेला आहे काय? लहान मुले उभ्या गाडीवर बसून खेळतात, त्या घरांत हे हमखास घडते. गाडी न्यूट्रलमध्ये आहे काय? काही गाड्या क्लच दाबल्याशिवाय सेल्फने सुरू होत नाहीत, तर काही साइड स्टँड खाली असताना सुरू होत नाहीत. गाडी आडवी पडली होती काय? अनेक नव्या गाड्यांत कलंडल्यावर इंजिन आपोआप बंद करणारी योजना असते. अशा वेळी किल्ली बंद करून पुन्हा फिरवावी लागते. या तपासणीस एक मिनिट पुरते आणि खर्च शून्य असतो.

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. गाडी शेवटची नीट चालली त्यानंतर काय बदलले? पेट्रोल भरले, गाडी धुतली, पावसात उभी राहिली, सर्व्हिसिंग झाले, की तीन आठवडे कोणी हातच लावला नाही? उत्तराजवळच बहुधा दोषही सापडतो.

आवाज काय सांगतो?

बटण दाबल्यावर काहीच होत नाही, दिवेही लागत नाहीत, अशी स्थिती असेल तर पेट्रोलकडे पाहण्याचे कारण नाही. दोष बॅटरी, तिच्या तारांची टोके किंवा फ्यूज यांत आहे. बॅटरीच्या टोकांवर पांढरट-हिरवट बुरशीसारखा थर साचलेला असतो किंवा स्क्रू ढिला झालेला असतो. किल्ली काढून घ्यावी, टोके साफ करावीत आणि घट्ट आवळावीत. फ्यूज जळला असेल तर तेवढ्याच क्षमतेचा बसवावा. त्याजागी तांब्याची तार गुंडाळणे म्हणजे तिजोरीच्या कुलपाऐवजी सुतळी बांधणे होय. तो पुन्हा जळला तर वायरिंग कोठेतरी एकमेकांस चिकटले आहे, असे समजावे.

बटण दाबल्यावर नुसते ‘टक्-टक्’ होत असेल किंवा इंजिन जड-जड फिरत असेल, तर बॅटरी उतरली आहे. येथे एक बारकावा आहे. १ एप्रिल २०१७ पासून देशातील नव्या दुचाकींना इंजिन चालू होताच आपोआप लागणारा पुढचा दिवा आवश्यक झाला. त्यामुळे अनेक गाड्यांत इंजिन बंद असताना तो लागतच नाही, आणि त्यावरून बॅटरी गेली असा निष्कर्ष काढणे चूक ठरते. हॉर्न वाजवून पाहावा. तो खणखणीत असेल तर बॅटरीत जीव आहे. घोगरा असेल तर नाही. काही शे रुपयांत मिळणारा मल्टिमीटर घरात असल्यास अधिक चांगले. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी स्थिर अवस्थेत सुमारे १२.६ व्होल्ट किंवा थोडे अधिक दाखविते. आकडा १२ च्या आसपास आला, तर ती जवळजवळ रिकामी आहे. इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसावयास हवेत. तेवढे दिसत नसतील, तर चार्जिंगमध्ये दोष आहे आणि नवी बॅटरीही थोड्याच दिवसांत उतरेल. केवळ बॅटरी बदलून घेणारे येथेच फसतात.

इंजिन जोमाने फिरते, पण पेट घेत नाही, ही तिसरी अवस्था. येथे बॅटरी निर्दोष मानून पेट्रोल आणि ठिणगी यांकडे वळावे. मात्र सेल्फ एका वेळी पाच सेकंदांहून अधिक दाबू नये आणि दोन प्रयत्नांत थोडी विश्रांती द्यावी.

पेट्रोल पोहोचते आहे काय?

टाकीचे झाकण उघडून प्रत्यक्ष आत पाहावे. काट्यावर विसंबू नये. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत कॉक बंद राहिला आहे काय, की तो रिझर्व्हवर घ्यावयाचा राहिला आहे, हे पाहावे. पूर्वी स्कूटर सुरू करण्याआधी ती एका बाजूस कलती करण्याची रीत होती, आणि तिला अर्थ होता. टाकीतील थोडके पेट्रोल कॉककडे यावे व कार्बोरेटरमध्ये उतरावे, एवढाच तो उद्देश. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला कलते करून काही साधत नाही. तरी हात सवयीने तिकडे जातोच.

गाडी काही आठवडे उभी असेल, तर कार्बोरेटरमधील पेट्रोल उडून जाते व मागे चिकट थर राहतो. केसासारख्या बारीक छिद्राच्या जेटला तो बुजवून टाकतो. अशी गाडी चोकवर कशीबशी सुरू होते आणि चोक काढताच बंद पडते. उपाय म्हणजे कार्बोरेटरची सफाई, नव्या प्लगने हे दुखणे जात नाही. पेट्रोलमध्ये पाणी मिसळले असण्याचीही शक्यता असते. कार्बोरेटरच्या तळाशी असलेला छोटा स्क्रू ढिला करून थोडे पेट्रोल पारदर्शक बाटलीत घेतले, तर पाणी तळाशी वेगळे दिसते. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि पाण्याचे प्रमाण वाढले की पेट्रोलपासून विलग होऊन त्यासह तळाशी बसते. म्हणून इथेनॉलमिश्रित पेट्रोल भरलेली गाडी पावसाळ्यात महिनोन्‌महिने न वापरता ठेवणे हिताचे नाही.

याउलट पेट्रोल अधिक झाले, म्हणजे नेहमीच्या बोलीत ‘गाडी ओव्हर झाली’, तर पेट्रोलचा उग्र वास येतो. अशा वेळी कॉक व चोक बंद करावा, थोडे थांबावे, मग थ्रॉटल पूर्ण उघडा धरून काही किका माराव्यात. धीर धरला तर हा दोष आपोआप जातो, घाई केली तर वाढतो.

प्लगची साक्ष

प्लग हा या शोधातील सर्वांत प्रामाणिक साक्षीदार होय. प्लगपान्याने तो काढावा, परंतु इंजिन थंड असतानाच. बराच प्रयत्न करूनही टोक कोरडे ठणठणीत निघाले, तर पेट्रोल पोहोचत नाही. पेट्रोलने ओले निघाले, तर पेट्रोल पोहोचते पण पेटत नाही. म्हणजे ठिणगी तपासावी. कोरडी काळी काजळी असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त किंवा हवा कमी आहे. काळे आणि तेलकट असेल तर इंजिनाचे तेल आत येत आहे. तो झिजेचा दोष असून त्यास अनुभवी मेकॅनिकच हवा. फिकट तपकिरी रंग निरोगी इंजिनाचा. टोकांमधील फट बहुतेक लहान गाड्यांत ०.६ ते ०.९ मिलिमीटर असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो.

ठिणगीची परीक्षा मेकॅनिक करतो ती अशी. प्लग टोपणात बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या धातूस घट्ट टेकवावयाचा, प्लगच्या भोकापासून व पेट्रोलपासून दूर ठेवावयाचा, आणि किक मारावयाची. निळसर, सणसणीत ठिणगी दिसली तर ठीक. पिवळी, मरतुकडी किंवा मुळीच नसली तर प्रथम प्लग, मग टोपण, मग कॉइल, हा क्रम. उघड्या हाताने प्लग धरू नये. टोपण लोंबकळत ठेवून किक मारू नये. धक्का तर बसतोच, शिवाय इलेक्ट्रॉनिक भाग निकामी होण्याचे भय असते. सराव नसलेल्याने ही परीक्षा मेकॅनिकवरच सोपवावी.

हवा आणि दाब

सिमेंट, पीठ, कापूस, मिरची यांच्या पेढीवरील गाडीचे एअर फिल्टर इतरांपेक्षा लवकर तुंबते. धान्याच्या पोत्यांशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर फिल्टरच्या पेटीत चिंध्या भरतात आणि तारा कुरतडतात. गाडी पोत्यांपासून दूर उभी करणे, हा त्यावरील सर्वांत स्वस्त आणि निरुपद्रवी उपाय होय.

दाबाची कल्पना किकवरून येते. नेहमी पायाला जाणवणारा विरोध नाहीसा होऊन किक पोकळ वाटू लागली, तर व्हॉल्व्ह, पिस्टनच्या रिंगा किंवा गॅस्केट यांत दोष असू शकतो. येथे घरगुती तपास संपतो. परंतु दाबाचा दोष क्रमाने शेवटी येतो, हे विसरू नये. इंजिन उघडण्याचा सल्ला पहिल्याच भेटीत मिळाला, तर आधीचे टप्पे तपासले काय, हे विनयाने विचारावे.

दोष यंत्राचा, ठपका माणसावर

एक प्रसंग कल्पावा. पेढीवर जुनी कार्बोरेटरची गाडी आहे. मालक ती घरापासून दुकानापर्यंत, म्हणजे जेमतेम अर्धा किलोमीटर नेतात, तेव्हा ती सुरेख चालते. दुकानातील मुलगा तीच गाडी टाकी भरून मालपोच करावयास सात-आठ किलोमीटर नेतो, तेव्हा वाटेत बंद पडते. किक मारून मारून तो थकतो. पंधरा मिनिटांनी ती आपोआप सुरू होते. परतल्यावर तो सांगतो, “शेठजी, गाडी वाटेत बंद पडली होती.” मालक तेथेच किक मारतात आणि गाडी पहिल्या किकेस सुरू होते.

आता मालकाच्या मनात काय येईल, हे सांगावयास नको. माझ्या हाती चालते, याच्या हाती बंद पडते. म्हणजे हा वाटेत कोठेतरी वेळ काढतो, किंवा पेट्रोल विकतो. महिनाभर हे चालते. मधल्या काळात प्लग बदलून होतो, बॅटरी बदलून होते, कॉइल बदलून होते. दोष तसाच राहतो, म्हणून संशय बळावतो. उशिराच्या दिवसांचे पैसे मुलाच्या पगारातून कापले जातात. तो घरी काही सांगत नाही. पण पेढीवर त्याची मान खाली असते.

वस्तुतः येथे लक्षणच दोषाचे नाव सांगत आहे. काही अंतर चालून बंद पडणे आणि थांबल्यावर आपोआप सुरू होणे, यावरून प्रथम संशय टाकीच्या झाकणावर घ्यावा. टाकीतून जेवढे पेट्रोल खाली उतरते तेवढी हवा आत यावी म्हणून झाकणात बारीक छिद्र ठेवलेले असते. धूळ किंवा पॉलिशने ते बुजले, की टाकीत निर्वात निर्माण होतो आणि पेट्रोल उतरणे थांबते. गाडी थांबून राहिली की हवा हळूहळू झिरपते आणि पेट्रोल पुन्हा उतरू लागते. अर्ध्या किलोमीटरच्या फेरीत हा दोष दिसणारच नाही. तो दिसण्यास लांबची फेरी हवी, आणि लांबच्या फेऱ्या त्या मुलाच्याच वाट्याच्या असतात. बंद पडलेल्या जागी झाकण उघडल्यावर ‘सूं’ असा हवेचा आवाज झाला आणि गाडी थोड्याच वेळात सुरू झाली, की निदान पक्के. ते छिद्र साफ करावयास एक पैसाही लागत नाही.

तीन सुटे भाग वाया गेले, ती हानी वहीत लिहिता येते. माणसावरील अविश्वासाची हानी कोणत्या खात्यावर लिहावी? रोकड कमी भरली तर प्रथम नोटा पुन्हा मोजाव्यात, मग व्हाउचर तपासावीत, आणि रोखपालाकडे बोट दाखविणे अगदी शेवटी ठेवावे, अशी चांगल्या पेढीची रीत आहे. गाडीच्या बाबतीतही तीच रीत असावी. आणि ठपका चुकीचा होता असे उघड झाले, तर नोंद खोडून भागत नाही. हिशेबात चुकीची नोंद खोडतोड न करता उलट नोंदीने दुरुस्त करतात. तीही तारीख घालून, सर्वांना दिसेल अशी. कापलेला पगार परत करणे आणि चार माणसांसमोर बोललेला शब्द चार माणसांसमोर मागे घेणे, ही ती उलट नोंद होय.

नव्या गाड्यांचा स्वभाव

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही प्रदूषणविषयक मानके लागू झाली आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. या गाड्यांना चोक नसतो. किल्ली फिरवल्यावर टाकीतील पंपाची दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते. ती ऐकू आली नाही तर पंप, त्याचा फ्यूज किंवा रिले यांकडे पाहावे. इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा किल्ली फिरवल्यावर लागावा आणि इंजिन सुरू झाल्यावर विझावा. तो विझत नसेल तर गाडीने दोषाची नोंद ठेवली आहे. सर्व्हिस सेंटरमध्ये ती वाचता येते. ती वाचून घेण्याआधी भाग बदलू देऊ नयेत.

दोन सवयी मात्र सोडाव्या लागतील. टाकी वारंवार तळाला जाईपर्यंत चालविणे हानिकारक आहे, कारण पंप टाकीतील पेट्रोलमुळेच थंड राहतो. दुसरे असे की, जुन्या अनेक गाड्या बॅटरी मेलेली असतानाही किकने किंवा ढकलून सुरू होत. पंप आणि संगणक यांना वीज लागत असल्याने नव्या गाडीत तसे गृहीत धरता येत नाही. बॅटरीची निगा आता पेट्रोलइतकीच महत्त्वाची झाली आहे.

पाऊस, पूर आणि आग

पावसाने भिजलेली गाडी सुरू होत नसेल तर प्लगचे टोपण काढून आतून कोरड्या फडक्याने पुसावे, भोवतालचे पाणी टिपावे आणि मग प्रयत्न करावा. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतल्यावरही हाच त्रास होतो.

पुरात बुडालेल्या गाडीची गोष्ट वेगळी. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर भागात कृष्णा आणि पंचगंगा यांचे पाणी घरांत, दुकानांत शिरले, तेव्हा असंख्य दुचाकी पाण्याखाली गेल्या. अशी गाडी बाहेर काढल्यावर सुरू होते का पाहू, म्हणून बटण दाबणे ही सर्वांत महागडी चूक ठरते. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते हवेप्रमाणे दाबले जात नाही, आणि आतील दांडा वाकतो. किल्ली फिरवू नये, बॅटरीची तार सोडवावी आणि गाडी ढकलत वर्कशॉपला न्यावी. इंजिनाचे तेल दुधाळ दिसले तर पाणी आत गेले, हे निश्चित.

शेवटी जिवाची काळजी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ज्योतीपर्यंत पोहोचू शकते. पुष्कळ घरांत गाडी ओसरीवर असते आणि आत समई, अगरबत्ती किंवा गॅसची शेगडी चालू असते. पेट्रोलचे काम नेहमी उघड्यावर करावे. नळीने तोंडावाटे पेट्रोल ओढू नये. ते फुप्फुसात गेल्यास जिवावर बेतते. शटर ओढलेल्या दुकानात इंजिन चालू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ते प्राणघातक आहे.

गाडीची खतावणी

मेकॅनिककडे जाताना निष्कर्ष घेऊन जाऊ नये, लक्षणे घेऊन जावे. “बॅटरी बदला” असे सांगितले तर बॅटरी बदलली जाईल; दोष जाईलच असे नाही. “इंजिन फिरते, पेट घेत नाही, प्लग कोरडा निघतो,” असे सांगितले तर जाणता मेकॅनिक निम्मे काम झाले असे मानतो. एका वेळी एकच भाग बदलावा आणि परिणाम पाहावा. काढलेला जुना भाग परत मागावा. तपासणीची मजुरी मात्र आनंदाने द्यावी. निदान करणाऱ्याच्या अकलेचे मोल दिले नाही, तर तो ते सुट्या भागांच्या किमतीत वसूल करणारच. हा व्यवहार व्यापाऱ्यास समजावून सांगण्याची गरज नाही.

आणि प्रत्येक गाडीची एक लहानशी वही असावी. तारीख, किलोमीटर, लक्षण, केलेले काम, झालेला खर्च, एवढे पाच रकाने पुरेत. दोन वर्षांनी त्या वहीवरून ध्यानात येईल की गाडी दर पावसाळ्याच्या आरंभी रुसते, किंवा बॅटरी दुसऱ्याच वर्षी जाते. ही वही घरातील मुलगा, सून किंवा दुकानातील मुलगा, जो गाडी सर्वाधिक चालवतो त्याच्याच हाती द्यावी. रोज गाडीवर बसणाऱ्याला तिचा आवाज प्रथम बदललेला कळतो. त्याचे म्हणणे लिहून घेतले जाते हे त्यास दिसले, म्हणजे तो ते वेळेवर सांगतो. आणि वेळेवर कळलेला दोष नेहमीच स्वस्त पडतो.